खुंटी नसलेलं रक्त

[दृश्य: रक्तपेढीतलं टेबल. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब.]

रक्तगट बघणं तसं दोन मिनिटांचं काम. एका थेंबात ए-विरोधी द्रव मिसळायचा, दुसऱ्यात बी-विरोधी. ज्या थेंबात गुठळ्या धरतील, तो गट. दोन्ही थेंब जसेच्या तसे राहिले, की कार्डावर 'ओ' लिहून मोकळं व्हायचं.

1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे असंच 'ओ' दिसणारं रक्त आलं. पण त्याचा रक्तद्रव वेगळा काढून त्यात ओ गटाच्या पेशी घातल्या, तर त्यांच्याही गुठळ्या झाल्या. ए चालेना, बी चालेना, सगळ्यांना चालतं म्हणून ज्याची ख्याती, ते ओसुद्धा चालेना. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही नोंद छापून आली. जग आज या रक्ताला बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखतं.

हे समजून घ्यायला थोडं वाटाण्यांकडे जावं लागेल.

[दृश्य: गुळगुळीत आणि सुरकुतलेले वाळके वाटाणे, अगदी जवळून.]

मेंडेलचे वाटाणे आपण सगळ्यांनीच परीक्षेपुरते पाठ केलेत. गोल आणि सुरकुतलेला यांचा संकर केला, पहिल्या पिढीत झाडून सगळे गोल. पुढच्या पिढीत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले. तीनास एक. गोल प्रभावी, सुरकुतलेला अप्रभावी, दोन गुण मिळाले, विषय संपला.

पण सुरकुतलेला हरतो का, हे पुस्तकात नव्हतं. ते कळायला 1990 उजाडलं. वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर, म्हणजे रासायनिक काम उरकणारं प्रथिन, असतं. सुरकुतलेल्या वाटाण्यात त्या विकराच्या जनुकातच डीएनएच्या सुमारे 800 अक्षरांचा परका तुकडा घुसलेला सापडला. विकर बिघडलं, स्टार्च कमी झाला, साखर वाढली. साखरेमुळे कोवळा दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी धड असली, तरी दाणा गोल राहण्यापुरतं काम ती भागवते.

म्हणजे दोन जनुकांची कुस्ती वगैरे काही होत नाही. एक काम करतं, दुसरं करत नाही, एवढंच. सगळेच गुण इतके सरळ नसतात. जीभ गोल वळवता येण्याचं उदाहरण वर्गात अजून देतात, पण एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला ते जमतं आणि दुसऱ्याला जमत नाही. आणि अप्रभावी म्हणजे दुर्मीळ, हाही गैरसमजच. ओ गट अप्रभावी आहे, तरी जगात सगळ्यात जास्त माणसं ओ गटाचीच.

[दृश्य: तांबड्या पेशीचं रेखाटन. पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या.]

आता रक्ताकडे. तांबड्या पेशीवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर बसली, की 'एच' प्रतिजन, म्हणजे शरीर ओळखतं ती पेशीवरची खूण, तयार होतो. ही झाली खुंटी. ए जनुक तिच्यावर एक साखर अडकवतं, बी जनुक दुसरी. दोन्ही असली तर दोन्ही अडकतात, म्हणून एबी. तिथे कुणीच कुणाला झाकत नाही. ओ जनुक काहीच अडकवत नाही, नुसती खुंटी राहते.

खुंटी बसवणारं जनुक मात्र वेगळं. ए-बी-ओ नवव्या गुणसूत्रावर, तर हे एकोणिसाव्या. त्याचंही तेच, एक प्रत चालू असली तरी पुरते. भारतातल्या बॉम्बे गटाच्या माणसांत बहुतेक वेळा या जनुकातलं 725 क्रमांकाचं एकच अक्षर बदललेलं असतं. दोन्ही प्रती अशा आल्या, तर खुंटीच बसत नाही. मग ए असो वा बी, अडकवणार कशावर? शिवाय एच आपला नव्हेच म्हणून शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे परकी खूण दिसली की तिला चिकटणारी प्रथिनं, बाळगून असतं. म्हणून ओ रक्तही चालत नाही.

गंमत म्हणजे ए किंवा बी जनुक आत शाबूत असू शकतं. 'ओ' दिसणाऱ्या आईचं बी जनुक मुलीत उतरलेलं 1955 साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी दाखवून दिलं. वडिलांकडून चालू खुंटी मिळाली, की लेकीच्या पेशीवर बी हजर. रक्तगट बघून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

[दृश्य: लग्नाचा मांडव. निवेदन संथ.]

भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक. युरोपात दहा लाखांत एक. दहा हजारांत एक म्हणजे गणितानं सुमारे पन्नासांत एक जण वाहक: एक प्रत बिघडलेली, एक चालू, आणि त्याला आयुष्यभर पत्ता नाही. अशा वाहक मुलानं नात्याबाहेर लग्न केलं, तर बायको वाहक असण्याची शक्यता पन्नासांत एक. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करायची रीत आहे. त्याला ती प्रत आईकडून आली असण्याची शक्यता निम्मी. मामाकडे तीच प्रत असण्याची त्याच्या निम्मी, मामाच्या मुलीकडे आणखी निम्मी. आठांत एक. पुढे दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत बॉम्बे गटाची शक्यता चारांत एक.

हेच चारांत एक उपयोगीही पडतं. बॉम्बे गटाचा रुग्ण सापडला, की रक्तपेढीवाले आधी विचारतात, सख्खे भाऊ-बहीण किती? अनोळखी लोकांत दहा हजार तपासावे लागतील, घरात मात्र तीन-चार जणांतही जुळणारं रक्त मिळू शकतं. ठरलेली शस्त्रक्रिया असेल, तर रुग्णाचंच रक्त आधी काढून ठेवतात. ग्लिसरॉल घालून गोठवलेल्या पेशी दहा वर्षं टिकतात.

अडचण आहे ती आधी ओळखण्याची. नुसत्या काचपट्टीवर हा गट ओ म्हणूनच निसटतो. रक्तद्रवात ओ पेशी घालून उलटी तपासणी केली, तरच तो पकडला जातो. ती कुठे झालेली नसेल, तर पाकिटातल्या कार्डावर वर्षानुवर्षं 'ओ पॉझिटिव्ह' असतं आणि अशा दात्याचं दुर्मीळ रक्त साधं ओ म्हणून दिलंही जातं.