पिशवीवरचा आकडा
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या नळीत फसफसणारा काळा द्रव, अगदी जवळून.]

हे कुत्र्याचं खाणं आहे. पेट शॉपमध्ये मिळतं तेच, कोरड्या दाण्यांचं. त्यात प्रोटीन किती, ते इथे मोजताहेत. दाणे दळून ग्रॅमभर पूड घेतली, त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतलं आणि चिमूटभर मोरचूद टाकलं. नळी आता चारशे अंशांच्या आसपास तापते आहे. आधी सगळं काळंठिक्कर पडतं, फेस वर चढतो. मग तपकिरी, मग पिवळट. आणि दोनेक तासांनी हे असं दिसतं.

[दृश्य: तीच नळी, आता स्वच्छ हिरवट-निळसर.]

चिकन, मका, तांदूळ, सोया, जे काही होतं ते जळून गेलं. ही निळसर झाक मोरचुदाची. नायट्रोजन तेवढा मागे उरला, अमोनियम सल्फेट होऊन.

आता कॉस्टिक सोडा. द्रव क्षणात गडद होतो. वाफ सोडली की अमोनिया उडतो आणि नळीवाटे पलीकडच्या बोरिक आम्लाच्या फ्लास्कमध्ये उतरतो. या फ्लास्कवर नजर ठेवा. गुलाबी होता. हिरवा व्हायला लागला. झाला. मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचनळीतून, थेंब थेंब आम्ल सोडायचं. एक थेंब जादा पडला तरी मोजणी चुकते, म्हणून प्रयोगशाळेतल्या मॅडमचा हात तोटीवरून हलत नाही. परत गुलाबी. बंद.

ब्युरेटवरचं माप वाचायचं, त्यावरून नायट्रोजन किती ते काढायचं आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, शंभराला सोळाने भागलं की ६.२५ येतात. हा गुणाकार पिशवीच्या मागे छापला जातो: क्रूड प्रोटीन, किमान अमुक टक्के.

पद्धत जुनी आहे. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली कोपनहेगनमध्ये, कार्ल्सबर्ग या बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ती बसवली. धान्यात प्रोटीन किती, हे त्यांना मोजायचं होतं. आजही जगभर ती चालते, कारण ती भरवशाची आहे. जे मोजते ते अचूक मोजते. पण ती मोजते नायट्रोजन. तो कोंबडीतून आला की आणखी कशातून, हे या नळीला कळत नाही.

[दृश्य: दोन वाट्या कणीक. एकीत पांढरे बारीक दाणे मिसळले जात आहेत.]

या दाण्यांना शेतकरी लगेच ओळखतील. युरिया. शंभर ग्रॅममध्ये अठ्ठ्याण्णव ग्रॅम कणीक आणि दोन ग्रॅम युरिया. नुसत्या कणकेचं प्रोटीन अकरा टक्के धरलं, तर याच मोजणीने दुसऱ्या वाटीचं सोळा टक्क्यांच्या वर जातं. प्रथिन एका कणानेही वाढलेलं नाही. दुधातल्या युरियाच्या भेसळीमागेही हाच नायट्रोजनचा हिशेब असतो, आणि ती बातमी आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत.

[दृश्य: नकाशा. कॅनडा, अमेरिका, चीन. जुनी वृत्तपत्रीय छायाचित्रं.]

२००७ साली हाच हिशेब कुत्र्या-मांजरांच्या पोटात गेला. मेनू फूड्स ही कॅनडातली कंपनी. रस्सा असलेलं डबाबंद खाणं बनवायची. फेब्रुवारीत तक्रारी यायला लागल्या, आणि मार्चच्या सुरुवातीला कंपनीच्या स्वतःच्या चव-चाचणीतली जनावरं दगावली. १६ मार्चला कंपनीने सहा कोटी डबे आणि पाकिटं परत मागवली.

त्या डब्यांवरची नावं बघा. शंभराच्या आसपास ब्रँड होते. त्यांत सुपरमार्केटमधले स्वस्त होते, महागडेही होते. ग्राहकाला वाटत होतं की आपण वेगळं, चांगलं काहीतरी घेतो. डबे भरले जात होते त्याच कारखान्यांत.

सुरुवातीला उंदराच्या औषधाचा संशय आला. तो मागे पडला आणि महिनाअखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं: मेलामाइन. आपल्याकडे लग्नाकार्यात ज्या हलक्या ताटल्या असतात, त्या याच रसायनापासून बनवतात. याच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन. निव्वळ मेलामाइन केल्डालच्या नळीत घातलं, तर कागदावर चारशे टक्क्यांहून जास्त प्रोटीन निघेल. चीनमधल्या श्युचौ शहरातून 'गव्हाचं ग्लूटेन', म्हणजे गव्हातून वेगळं काढलेलं प्रथिन, म्हणून जो माल आला होता, ते मुळात गव्हाचं साधं पीठ निघालं. मेलामाइन मिसळून त्याचा आकडा ग्लूटेनएवढा केलेला.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातून मूत्रपिंडाचा छेद. वर्तुळाकार सोनेरी-तपकिरी स्फटिक.]

मेलामाइन एकटं फारसं विषारी नाही, त्यामुळे शास्त्रज्ञही गोंधळले होते. पण त्या मालात सायन्युरिक आम्लसुद्धा होतं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात मांजराच्या लघवीत ही दोन्ही रसायनं एकत्र केली आणि डोळ्यांदेखत स्फटिक तयार झाले. जनावराच्या मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांत हेच घडत होतं. नलिका तुंबत गेल्या.

चार हजारांहून जास्त कुत्र्या-मांजरांचे मृत्यू मालकांनी प्रशासनाला कळवले. अमेरिकेतल्या आयातदार कंपनीला २०१० साली दंड झाला. आणि २००८ मध्ये हेच मेलामाइन चीनमध्ये तान्ह्या बाळांच्या दूध पावडरीत सापडलं. भारताने तेव्हा चिनी दूध आणि दुधाच्या पदार्थांची आयात थांबवली.

[दृश्य: पुण्यातलं पेट शॉप. काउंटरखाली तोंड उघडी पोती, पत्र्याचा डाव, तराजू.]

हे आपल्या शहरातलं दुकान. दुकानदार दादा गिऱ्हाइकाला सांगताहेत, "ताई, सुटं घ्या. तोच माल, किलोमागे बराच स्वस्त पडतो." माल तोच असेलही. पण आता या पारदर्शक पिशवीकडे बघा. बनवणाऱ्याचं नाव नाही, महिना नाही, बॅच नंबर नाही. २००७ चे सहा कोटी डबे परत मागवता आले, कारण प्रत्येकावर कधी आणि कुठे भरला ते छापलेलं होतं. या पिशवीतून काही निघालं, तर ती कोण आणि कशी परत मागवणार? पैसे वाचवायचे तर लहान सीलबंद पाकीट घ्या, पण सुटं घेऊ नका. आम्हाला या बाबतीत मधला मार्ग दिसत नाही.

[दृश्य: सीलबंद पिशवीची मागची बाजू. बोट एकेका ओळीवरून फिरतं.]

आता छापील पिशवी. घटकांची यादी साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि हे वजन शिजवण्याआधीचं, पाण्यासकट. ताज्या चिकनमध्ये निम्म्याहून जास्त पाणी. ते उडून गेल्यावर पहिल्या क्रमांकावरचं चिकन बरंच खाली उतरतं. मका, मक्याचं ग्लूटेन, मक्याचा कोंडा अशी तीन नावं वेगवेगळी दिसली, तर मनात त्यांची बेरीज करा.

डबा आणि कोरडे दाणे यांची तुलना करताना आधी पाणी वजा करा. डब्यावर आठ टक्के प्रोटीन आणि अठ्ठ्याहत्तर टक्के पाणी लिहिलेलं असेल, तर सुका भाग बावीस. त्यात आठ म्हणजे छत्तीस टक्के. बावीस टक्के प्रोटीनवाले कोरडे दाणे, दहा टक्के पाणी धरून, चोविसावर थांबतात. नुसते छापील आकडे पाहिले तर उलटंच वाटलं असतं.

'बाय-प्रॉडक्ट' वाचून मात्र दचकू नका. यकृत, फुप्फुस, आतडी यांनाच तसं म्हणतात. आपण कलेजी आणि वजडी चवीने खातो, आणि कुत्र्यालाही ते पोषक आहे. खटकायला हवं ते 'मीट' असं मोघम लिहिणं. कोणाचं मांस, ते लिहा ना.

आणि आपला २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसाच्या खाण्यापुरता आहे. जनावरांचं खाद्य त्याच्या व्याख्येतून वगळलं आहे. तेव्हा बिस्किटाच्या पुड्याला जो पहारा आहे, तोच या पिशवीलाही असेल असं गृहीत धरू नका.

[दृश्य: अंधारी खोली, अतिनील दिवा. काचेच्या पट्टीवर निळे ठिपके उजळतात.]

हे निळे ठिपके म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ओलसर मक्यावर आणि शेंगदाण्यावर धरणाऱ्या बुरशीचं विष. डोळ्यांना दिसत नाही, वासाने कळेलच असं नाही, आणि दाणे भाजून-शिजवून ते पूर्ण जात नाही. यकृत पोखरतं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. त्याच घरांतलं अन्न खाणाऱ्या कुत्र्यांनाही कावीळ झाली होती, पोटात पाणी झालं होतं. अमेरिकेत पेट फूडसाठी याची मर्यादा अब्जात वीस भाग इतकी आहे, तरी २०२० च्या अखेरीस तिथे शंभराहून जास्त कुत्री अशाच मालाने दगावली. आपल्याकडे चार महिने पाऊस. उघडं पोतं आणि जुलैची दमट हवा, दोन्ही या चित्रात एकत्र आहेत.

[दृश्य: टेबलावर फोन, शेजारी पिशवी. ग्राहक सेवेचा क्रमांक.]

पिशवीवर ग्राहक सेवेचा क्रमांक छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तो फिरवा. विचारा: हे खाणं तुमच्याच कारखान्यात बनतं की दुसऱ्याकडून बनवून घेता? कृती कोणी ठरवली, त्यांचं पशुआहाराचं शिक्षण काय? प्रत्येक बॅचच्या मक्याची अफ्लाटॉक्सिनसाठी तपासणी होते का? माझ्या हातातल्या बॅचचा अहवाल पाठवाल का? जी कंपनी सरळ उत्तर देते तिचं खाणं घ्या. जी फक्त "आमचा माल उत्तम आहे" एवढंच म्हणते, तिचं ठेवून द्या.

घरी आणलेलं खाणं मूळ पिशवीतच ठेवा, आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. कुत्र्याने खाणं टाकलं, उलट्या सुरू झाल्या, पाणी जास्त प्यायला लागला किंवा लघवीत फरक दिसला, तर ते खाणं लगेच थांबवा. त्यातलं मूठभर स्वच्छ डब्यात बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, बॅच नंबरचा फोटो काढा, आणि डॉक्टरांकडे जाताना पिशवी सोबत न्या.