पारडं कुणाचं जड

[दृश्य: नाशिकचा कॉलेज रोड, शनिवारची संध्याकाळ. कॅफेबाहेर दाटीवाटीनं लावलेल्या दुचाक्या.]

शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडला टेबल मिळणं मुश्कील. मिळालंच, तर शेजारच्या टेबलावर भांडण चालू असतं. क्रिकेटवरून नाही, निवडणुकीवरूनही नाही. मिकासा भारी की फ्रीरेन, यावरून.

दोघी ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांतल्या नायिका. मिकासा म्हणजे 'अटॅक ऑन टायटन'मधली सैनिक. गळ्यात लाल मफलर, दोन्ही हातांत पाती. माणसं गिळणाऱ्या टायटनना ती एकटी पुरून उरते, याबद्दल इथे दुमत नाही. वाद पुढचा आहे. "लढते ती, मान्य. पण सगळं त्या बालमित्रासाठी, एरेनसाठी! तिला स्वतःला काय हवंय, ते सांग ना," सिडकोतून आलेली मुलगी टेबलावर बोट आपटत विचारते. समोरचा तिचा वर्गमित्र नुसती कॉफी ढवळत राहतो.

ती स्वतः फ्रीरेनच्या पक्षातली. हजार वर्षांहून जास्त जगलेली ही एल्फ, म्हणजे दीर्घायुषी जमातीतली जादूगार २०२३ च्या सप्टेंबरात पडद्यावर आली. तिचा एक प्रसंग ही मंडळी पुन्हा पुन्हा लावून बघतात. समोर औरा नावाची राक्षसीण, हातात तराजू. दोघींचे आत्मे पारड्यांत पडतात. जिची जादू कमी, तिनं दुसरीची आज्ञा पाळायची. औरा पाचशे वर्षं मुरलेली. समोरची बुटकी, किरकोळ दिसणारी. जिंकल्याच्या थाटात औरा हसते, आणि पारडं फ्रीरेनच्या बाजूला झुकतं. आपलं खरं बळ फ्रीरेननं शतकानुशतकं लपवून ठेवलेलं असतं. मारामारी म्हणावी तर नाहीच. तरी पोरं सोफ्यावर उभी राहून ओरडतात.

[दृश्य: मल्टिप्लेक्सच्या जिन्यावर घोळक्यानं उभे असलेले तरुण-तरुणी.]

'डीमन स्लेयर' मालिकेतली शिनोबूही अशीच लाडकी. राक्षसाची मान उडवण्याइतका जोर तिच्या मनगटात नाही, म्हणून ती विस्टेरियाच्या फुलांपासून विष बनवते. १२ सप्टेंबर २०२५ ला त्याच मालिकेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतात लागला, तो हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही. मराठी नव्हती. असो.

'फुलमेटल अल्केमिस्ट' हे कॉमिक २००१ साली लिहायला-काढायला घेतलं हिरोमू अराकावा या बाईनं. होक्काइडोत दूध काढण्याच्या धंद्यातल्या घरात ती वाढली. तिची इझुमी भल्याभल्यांना लोळवते आणि कोण तू, असं विचारलं की सांगते, "मी साधी गृहिणी."

[दृश्य: शिंप्याचं दुकान. टेबलावर तपकिरी कापड, फोम शीट, बक्कलं.]

आता ही कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्याची तयारी. वर्तमानपत्रावर कापलेला नमुना, फोम शीट, आणि बोटांना चिकटलेलं फेव्हिकॉल. "हा तर मुलाचा कोट दिसतोय," शिंपीकाका म्हणतात. "हो काका, मुलाचाच." कापड घेऊन आलेल्या पोरीला 'अटॅक ऑन टायटन'मधला लिवाय व्हायचंय. तो भलता लढवय्या, पण उंची अवघी १६० सेंटीमीटर. "माझ्या मापाचा एकच हिरो सापडला," ती हसते.

पुरुषी वेशातली मुलगी जपानी कॉमिकला नवी नाही. कॉमिककार ओसामू तेझुका तकाराझुका शहरात वाढला. तिथल्या नाट्यसंस्थेत सगळ्या भूमिका मुलीच करतात, राजपुत्राचीसुद्धा. त्याची राजकन्या सफायर १९५३ साली तलवार घेऊन घोड्यावर बसली. १९७२ मध्ये रियोको इकेदा या कॉमिककार बाईनं ऑस्कर नावाची नायिका आणली. मुलगी खरी, पण सेनापती बापानं मुलगा म्हणून वाढवलेली, फ्रान्सच्या राजवाड्यातली रक्षक-अधिकारी.

आणि आपल्याकडे? त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. पण १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली फाळक्यांची लेक, मंदाकिनी. कालियाच्या फण्यावर नाचणारा तो बाळकृष्ण एक चिमुरडी आहे! फाळक्यांची ती कंपनी नाशिकचीच. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात फोटो काढायला जाणाऱ्या या कॉस्प्लेवाल्या पोरींना हे सांगितलं, तर दोघींनी लगेच मोबाइलवर तो तुकडा शोधला.

सगळं गोड आहे असं नाही. जिला लढाईत मुख्य जागा दिली, तिच्यावर कॅमेरा नको तिथे रेंगाळतो, ही तक्रार मुलगे-मुली दोघंही करतात. आमच्या मते ती सौम्यच आहे. कित्येक मालिकांत हा प्रकार इतका आहे की घरी हॉलमधल्या टीव्हीवर बघताना रिमोट हाताशी ठेवावा लागतो. आजी केव्हा शेजारी येऊन बसेल, भरवसा नसतो.

गंगापूर रोडच्या एका घरात आजी बसली ती उठलीच नाही. 'द अपोथेकरी डायरीज' चालू होतं. राजवाड्याच्या जनानखान्यात दासी म्हणून आलेली माओमाओ घास जिभेवर ठेवून विष ओळखत होती. नात सबटायटल मराठीत सांगत होती. आजीनं दोन भाग गुमान पाहिले आणि मग विचारलं, "अगं, त्या पोरीला एवढं औषधपाणी कळतं, तर तिलाच वैद्य का नाही नेमत?"