बॅटरी ते लॅपटॉप: मधला हेलपाटा

मंडळी, टेबलावरची ही बॅटरी तुमच्या घरी असते तीच आहे: इन्व्हर्टरची, ट्यूब्युलर, १५० अँपिअर-तासांची. शेजारी लॅपटॉप. मध्ये एक काडेपेटीएवढी डबी आणि दोन वायरी. इन्व्हर्टर मी मुद्दाम घरी ठेवून आलोय. त्याच्याशिवाय लॅपटॉप कसा चालतो, तेच आज दाखवायचंय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं, ते तुम्हाला सांगायला नको. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत खांब आडवे झाले. मोबाइलचा टॉवर आधी सुरू झाला, वीज काही येईना. टाळेबंदीमुळे भाची पुण्याहून आमच्याकडे आलेली, तिचं ऑफिस लॅपटॉपवर. दर दोन-तीन दिवसांनी पाण्याच्या टाक्या भरायला एक जनरेटर वाडीत यायचा. तेवढ्या दोन तासांत आमची बॅटरी चार्ज करून घ्यायची. शिसं-आम्लाची बॅटरी घाईने भरत नाही. दोन तासांत पदरात पडायचे जेमतेम २० अँपिअर-तास, म्हणजे एक अँपिअर घेतला तर वीस तास पुरेल एवढी वीज. ते लॅपटॉपला पाच तास पुरायचे.

भाची म्हणाली, "मामा, एवढी मोठी बॅटरी आणि पाच तास?" मग मी क्लॅम्प मीटर काढला, वायरीभोवती चिमट्यासारखा लावून अँपिअर मोजायचा. लॅपटॉप स्वतः ३० वॅटच खात होता, बॅटरीतून मात्र ४.१ अँपिअर जात होते. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे जवळपास ५० वॅट. बाकीचे कुठे गेले? बॅटरीतून निघते ती डीसी, एकाच दिशेने वाहणारी वीज. इन्व्हर्टर तिची २३० व्होल्टची एसी करतो, म्हणजे सतत दिशा बदलणारी. लॅपटॉपचा ॲडॉप्टर त्या एसीची पुन्हा १९.५ व्होल्टची डीसी करतो. दापोलीहून पश्चिमेला हर्णैला जायचं, तर आधी पूर्वेला खेडला जाऊन यायचं! दोन्ही वेळा थोडी वीज उष्णता होऊन उडते. शिवाय घरगुती इन्व्हर्टर काही न जोडता नुसता चालू ठेवला, तरी दहा-पंधरा वॅट गिळतो. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर थेट चालतं. म्हणून तर वीज गेली तरी जुना काळा फोन वाजायचा.

मग बॅटरीच्या वायरी सरळ लॅपटॉपमध्ये का खुपसायच्या नाहीत? लॅपटॉपच्या बॅटरीत तीन सेल ओळीने असतील, तर ती पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्टची होते. चार असतील तर १६.८ ची. तिला भरायला बाहेरचा दाब, म्हणजे व्होल्ट, त्याहून जास्त लागतो. आणि आपली '१२ व्होल्टची' बॅटरी १२ वर क्वचितच असते. चार्ज होताना १४.४, रिकामी होत आली की १०.५. ही डबी, म्हणजे बूस्ट कन्व्हर्टर, आत या दोन आकड्यांमधलं काहीही आलं तरी बाहेर १९.५ देते. ती लावल्यावर मीटरवर ४.१ चे २.७ अँपिअर झाले आणि पाच तासांचे जवळपास साडेसात.

पण पहिल्या दिवशी माझी फजितीच झाली. बॅटरी जिन्याखाली, भाची पडवीत, मध्ये सहा मीटर. घरात पडलेली ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली. लॅपटॉपची बॅटरी रिकामी होती, त्यामुळे तो ६० वॅट मागत होता. चार्जिंगचा दिवा लागे, विझे, परत लागे. मोजलं तर बॅटरीवर १२.२ व्होल्ट, डबीशी १०.४. वायर कोमट लागत होती. गंमत अशी, की दाब पडला की डबी तेवढेच वॅट भरून काढायला अँपिअर वाढवते. अँपिअर वाढले की वायरीत दाब आणखी पडतो. शेवटी डबी बंद पडते, आणि पुन्हा पहिल्यापासून. उपाय साधा होता: डबी उचलून बॅटरीशेजारी ठेवली. लांबच्या वायरीत आता १९.५ व्होल्ट आणि अँपिअर तीनच. तीच वायर चालली.

डबीवरचा हा पितळी स्क्रू बाहेरचे व्होल्ट ठरवतो. तो लॅपटॉप जोडण्याआधीच मीटर लावून फिरवायचा. जोडल्यावर फिरवाल तर तीस व्होल्टही जातील. काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध बारीक काडी असते. तिथून ॲडॉप्टरची ओळख पटली नाही, तर लॅपटॉप चालतो पण त्याची बॅटरी भरत नाही. तुमचा लॅपटॉप यूएसबी-सी वर चार्ज होत असेल, तर यातलं काही करू नका. गाडीत लावायचा ६५ वॅटचा पीडी चार्जर आणा. तो आधी पाच व्होल्ट देतो, लॅपटॉपने मागितले की वीस. फक्त केबल साध्या फोनची नको. ६० वॅटच्या वर पाच अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते.

"बारा व्होल्टने काय होतंय?" असं कोणी म्हणालं, तर हा पान्हा दाखवा. शॉक बसत नाही, खरंय. पण बॅटरीच्या दोन टोकांवर हा आडवा पडला आणि शेकडो अँपिअर धावले. ही खाच बघा, लोखंड वितळलंय. म्हणून फ्यूज पहिला, आणि तो लॅपटॉपशी नाही, बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात. गाडीतला १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज पुरे.

नमुन्याला एक आणलाय, हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. परत मात्र आणून द्या, स्कूटरमधून काढून आणलाय.