प्रक्रिया सुरू आहे

[दृश्य : अंधारी खोली. फोनचा निळसर उजेड चेहऱ्यावर.]

डोळे उघडले की आधी फोन. लॉगिन, पासवर्ड आणि मग तीच ओळ : ‘आपल्या अर्जावर प्रक्रिया सुरू आहे.’ काल हीच होती, गेल्या वर्षी याच दिवशीही हीच. नागरिकत्वाचा अर्ज करून बसलेल्या माणसाला ही ओळ पाठ असते, तरी तो रोज ती वाचतो. न जाणो, एखादा शब्द बदलला असेल.

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही आपली म्हण. ब्रिटनच्या गृहखात्याने ती जणू अधिकृतच करून टाकली आहे : नागरिकत्वाचा निर्णय साधारण सहा महिन्यांत देऊ, असं ते स्वतःच सांगतात. फक्त म्हणीतले सहा महिने कसे मोजायचे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं.

[दृश्य : कपाटांच्या लांबच लांब रांगा. दोरीने बांधलेल्या फायली.]

या काळात फाईल असते कुठे? बहुतेक वेळा अर्जदाराला ते कळत नाही. अमेरिकेत मात्र एका मोठ्या खोळंब्याचं कारण पुढे उघड झालं. तिथे नागरिकत्व मागणाऱ्या प्रत्येकाचं नाव एफबीआयकडे तपासणीला जातं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ही तपासणी कडक झाली आणि २००२ च्या अखेरीस २७ लाख नावं एकदम पुन्हा तपासायला पाठवण्यात आली.

बरीचशी नावं संगणकातच मोकळी होतात. पण नाव कुठल्या जुन्या कागदात सापडलं तर? आरोपी म्हणूनच असं नाही. साक्षीदार म्हणून, कुणाचा तरी ओळखीचा म्हणून, किंवा नुसतं नामसाधर्म्य. मग कुणा कर्मचाऱ्याने ती कागदी फाईल शोधायची, मागवायची, वाचायची. अशा फायली देशभरात अडीचशेहून जास्त ठिकाणी विखुरलेल्या होत्या. मोहम्मद हे नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात ते आठवून पाहा. त्यातल्या प्रत्येक तऱ्हेमागे कुणीतरी ताटकळत बसलेलं होतं.

२००८ मध्ये सरकारलाच हे अति झालं. नावाची तपासणी १८० दिवसांहून अधिक अडकली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, देऊन टाका, असं ठरलं. नागरिकत्वाच्या अर्जांना मात्र ही सवलत नव्हती.

[दृश्य : काचेच्या पट्टीवर टेकवलेली बोटं. यंत्राचा लाल दिवा. पुन्हा. पुन्हा लाल.]

अर्ज जागचा हलत नाही, पण त्यातले कागद म्हातारे होतात. अमेरिकेत अर्जासाठी दिलेले बोटांचे ठसे १५ महिने चालतात. निर्णय त्याहून लांबला की पुन्हा बोलावणं येऊ शकतं. हे हात बघा. आयुष्यभर कष्ट केलेली बोटं, रेषा झिजून गेलेल्या. ‘जरा दाबून ठेवा’, ‘आता कोरडी करा’, ‘दुसरं बोट द्या’. ज्या माणसाचे ठसे या खात्याकडे आधीपासून आहेत, त्याच्याच ठशांसाठी ही सगळी खटपट. हसावं की रडावं!

मधल्या काळात घर बदलतं, नोकरी बदलते, मूल होतं. यातलं प्रत्येक खात्याला कळवावं लागतं. पत्ता बदलल्याचं कळवायला अमेरिकेत १० दिवसांची मुदत आहे. अर्जदाराला मुदत आहे, हे लक्षात घ्या.

[दृश्य : फोन उचलून परत खाली ठेवणारा हात.]

मग विचारत का नाहीत? भीती वाटते म्हणून. ‘उगाच डिवचलं आणि फाईल ढिगाच्या तळाशी गेली तर?’ ही शंका जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते. आपलं काम ज्याच्या हातात, त्याला नाराज करू नये, हे शहाणपण अंगात मुरलेलं. मला ते समजतं. पण पटत नाही. कारण बऱ्याच देशांच्या कायद्यात हा प्रश्न विचारण्याची सोय मुद्दाम करून ठेवली आहे.

जर्मनीत सबळ कारणाशिवाय तीन महिन्यांत निर्णय झाला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात ‘निष्क्रियतेचा दावा’ लावता येतो. खटल्याचं नावच निष्क्रियता! बर्लिन शहराने १ जानेवारी २०२४ पासून नागरिकत्वाचं सगळं काम एका कार्यालयाकडे आणलं, तेव्हा त्या कार्यालयाच्या पदरात पहिल्याच दिवशी सुमारे ४० हजार जुने अर्ज पडले.

अमेरिकेत मुलाखत होऊन १२० दिवसांत निर्णय आला नाही, तर फेडरल कोर्टात दाद मागता येते. पण हे दिवस मुलाखतीनंतर मोजायचे. मुलाखतीचंच बोलावणं नसेल, तर या कलमाचा काही उपयोग नाही. तिथे रस्ता परमादेशाचा, म्हणजे ‘निर्णय घ्या’ असा कोर्टाचा हुकूम. निर्णय घ्या, होकार द्या असं नव्हे. हा फरक वकिलाकडून आधीच नीट समजून घ्यावा, नाहीतर मोठा हिरमोड होतो.

कॅनडाच्या फेडरल कोर्टाने नागरिकत्वाच्याच एका प्रकरणात उशीर कसा तोलायचा ते सांगितलं आहे. अशा कामाला लागायला हवा त्याहून जास्त वेळ गेला का? त्यात अर्जदाराचा दोष आहे का? आणि खात्याने पटेल असं कारण दिलं आहे का?

[दृश्य : टेबलावर एक साधी वही. तारखांचे रकाने.]

या तीन प्रश्नांचा जीव आहे तो या वहीत. कधी अर्ज दिला, पोचपावती कुठली, कोणत्या पत्राला किती दिवसांत उत्तर दिलं, फोनवर कोण काय बोललं. फोन हवेत विरतो, म्हणून त्याच दिवशी एक ईमेल : ‘आज आपण असं सांगितलंत.’ कॅनडात ५ डॉलर भरून स्वतःच्या फाईलमधल्या नोंदी मागवता येतात. कधी कधी त्या नोंदींत दिसतं ते फार साधं असतं : शेवटची हालचाल, अमुक तारीख. त्यानंतर काही नाही. संशय नाही, चौकशी नाही, कुणाचा राग नाही. इतके दिवस जिला घाबरून गप्प बसलो, त्या फाईलकडे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

[दृश्य : लिफाफा फाडला जातो. आतून एक कागद.]

आणि एक दिवस बोलावणं येतं. अमेरिकेत शपथविधीच्या कागदावर पुन्हा काही प्रश्न असतात. मुलाखतीनंतर तुमचं लग्न झालं का, घटस्फोट झाला का, जोडीदार गेला का. देशाबाहेर जाऊन आलात का.

हो किंवा नाही, एवढंच लिहायचं. पेन ‘हो’च्या चौकटीशी येऊन थांबतं.

[दृश्य : पेन. चौकट. खिडकीतून सकाळचा उजेड.]