टेकडीवरून उतरणारी हवा

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवरून खाली उतरून पाहा. दिवस मावळून तासभर झालेला असतो. पायथ्याशी झाडीतून बाहेर पडताना पोटऱ्यांना गार झुळूक लागते. दोन गल्ल्या ओलांडून घरी यावं, तर पश्चिमेची भिंत हाताला अजून गरमच लागते.

ही झुळूक येते कुठून? ऊन उतरलं की टेकडीवरचं गवत आणि माती लवकर निवते. तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखीच उतार धरून ओढ्या-नाल्यांच्या खोलगट वाटांनी खाली सरकते. काँक्रीट आणि डांबर मात्र दिवसभराची उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात. म्हणजे शहराला या हवेची खरी गरज रात्रीच. आणि तिच्या वाटेत इमारतींची आडवी रांग उभी राहिली, की बांध घातल्यासारखी ती अडते.

जर्मनीतल्या स्टुटगार्टने हे फार पूर्वी ओळखलं. ते शहर डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात आहे, आणि तिथे वारा मुळातच कमी. १९३८ पासून तिथल्या नगर प्रशासनात हवामानाचा अभ्यासक नोकरीला आहे. रात्रीची गार हवा कुठे तयार होते, कोणत्या दरीतून वाहते, कुठे तुंबते, याचे नकाशे त्यांनी केले. २००८ साली आसपासच्या १७९ गावा-शहरांसाठी असाच नकाशासंच निघाला. नकाशाशेजारी नियोजनाच्या सूचनाही असतात: हा उतार मोकळा ठेवा, इथे इमारती ठेंगण्या असू द्या, दोन इमारतींत अंतर सोडा. तिथल्या बांधकाम कायद्यानेच नियोजनात हवा आणि हवामानाचा विचार करायला सांगितलं आहे, त्यामुळे या सूचनांना वजन येतं. हेच स्टुटगार्ट १९६८ पासून आपल्या मुंबईचं भगिनी-शहर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पुण्यात तर हवामानाचं ज्ञान घरचंच. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण अजून सिमला ऑफिसच म्हणतो. तरी विकास आराखड्याचा नकाशा उघडला की रहिवासी क्षेत्र दिसतं, रस्ते दिसतात, आरक्षणं दिसतात. गार हवेची वाट दाखवणारी एकही खूण मला त्यात आजवर सापडलेली नाही.

टेकड्यांसाठी पुणेकर जिवाच्या आकांताने भांडले, आणि ते योग्यच होतं. पण माथा राखला आणि पायथ्याशी उंच इमारतींची भिंत बांधली, तर ती गार हवा टेकडीपाशीच राहील. पेठेतल्या पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या माणसापर्यंत पोचायची नाही. त्याच्याकडे एसी नाही. रात्रीच्या वाऱ्यावरच त्याची सगळी भिस्त.

आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा माझ्या अर्जात मी एकच मागणी लिहिणार आहे: टेकडीच्या पायथ्यापासून नदीपर्यंत प्रत्येक ओढ्याची वाट ‘हवेसाठी मोकळी’ अशी नकाशावर रंगवा, आणि तिथे इमारतीची उंची किती, अंतर किती, तेही लिहून टाका.