आधी नाक, मग मशीन

(दृश्य: टेबलावर एक मास्क. कॅमेरा त्याच्या पुढच्या भागाजवळ जातो.)

मास्कच्या पुढच्या बाजूला ही बारीक भोकं आहेत. सीपॅप, म्हणजे झोपेत श्वासाची वाट मिटू नये म्हणून मास्कमधून हवा सोडणारं मशीन, चालू असताना इथे तळहात धरला की हवेची झुळूक सतत लागते आणि 'स्स्स' असा आवाज येतो. सीपॅप घरी आला की पहिली तक्रार हीच असते: मास्क गळतोय. मग कुणी भोकांवर चिकटपट्टी लावतं, कुणी कापूस कोंबतं. तसं मुळीच करू नका. आपण सोडलेला श्वास, त्यातला कार्बन डायऑक्साइड, याच वाटेने बाहेर जातो. वाट बुजवली तर तीच हवा पुन्हा आत ओढली जाते.

सर्जिकलच्या दुकानात दोन मास्क शेजारीशेजारी ठेवलेले असतात. एक घरच्या सीपॅपचा, भोकांचा, म्हणजे व्हेंटेड. दुसरा आयसीयूतल्या व्हेंटिलेटरचा, बिनभोकांचा. दिसायला जुळे भाऊ. दुसऱ्याचा कोपर, म्हणजे नळी जोडायचा वाकडा तुकडा, पुष्कळदा निळा असतो, पण रंगावर विसंबू नका. पाकिटावर 'व्हेंटेड' छापलंय का ते वाचा आणि भोकं डोळ्यांनी पाहा. घरच्या सीपॅपला बिनभोकांचा मास्क चालत नाही. तो घातक आहे.

(दृश्य: झोपलेल्या माणसाच्या घशाचं रेखाचित्र.)

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काहींच्या श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला तर तो एक ॲप्निया. सीपॅप ती वाट हवेच्या दाबाने उघडी धरतो. त्यात औषध नाही की वेगळा ऑक्सिजन नाही. खोलीतलीच हवा, गाळून, जरा जोराने. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. घरच्या मशीनचा पल्ला साधारण 4 ते 20.

1981 साली सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवरचा हा उपचार 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. सुरुवातीच्या त्या यंत्रांना हवा द्यायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती आणि मास्क रोज रात्री नाकाभोवती सिलिकॉनने चिकटवावा लागे. आज मोटर उशाशी असूनही जेमतेम ऐकू येते. चेहऱ्याशी जुळवून घ्यायची अडचण मात्र अजून तशीच आहे. कपाटात धूळ खात पडलेलं सीपॅप काढून लावून पाहा, मोटर सहसा ठणठणीत असते. बिनसलेलं असतं ते मास्कचं. तरी दुकानात तासभर चर्चा होते मशीनची, आणि मास्क पिशवीत जाता जाता पडतो.

आधी रिपोर्ट. स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेतल्या तपासणीच्या, कागदावर एएचआय हा आकडा शोधा: तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. 5 ते 15 सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. त्याच कागदावर ऑब्स्ट्रक्टिव्ह किती आणि सेंट्रल किती, हेही असतं. ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे घशाची वाट मिटल्याने अडलेला श्वास. सेंट्रल म्हणजे मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम सुटत नाही. ते जास्त असतील तर साधं मशीन घेऊन टाकू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

मशीन तीन जातींचं. साधा सीपॅप रात्रभर एकच दाब देतो. ऑटो सीपॅप ठरवून दिलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये दाब कमीजास्त करतो. बायपॅपमध्ये श्वास घेताना एक दाब आणि सोडताना कमी दाब. बायपॅप महाग आहे म्हणून जास्त चांगलं, असं काही नाही. ते वेगळ्या गरजेसाठी आहे. डॉक्टरांनी दुसरं काही लिहिलं नसेल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने ऑटो घ्यावं, कारण त्यावर स्थिर दाबही लावता येतो. ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, सोबत असावा. नुसता वापराचा वेळ दाखवणारं मशीन नको. रोजचा एएचआय आणि गळती नोंदवणारं हवं.

ऑटो मशीनमधली एक चूक फार दिसते. विक्रेता डबा उघडतो, पल्ला 4 ते 20 असाच मोकळा सोडतो आणि निघून जातो. 4 च्या दाबावर पुष्कळांना हवा पुरत नाही, मास्कमध्ये कोंडल्यासारखं होतं. माणूस म्हणतो, मला हे झेपणार नाही. खालचा आकडा 6 किंवा 7 वर नेला की तोच माणूस निवांत झोपतो. हा बदल डॉक्टरांना विचारून करायचा, पण विचारायचा नक्की.

जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर त्याचे चाललेले तास पाहा आणि मॉडेल क्रमांक तपासा. 2021 च्या जूनमध्ये फिलिप्सने आवाज दाबणारा आतला फोम झिजतो म्हणून आपली लाखो मशीनं परत मागवली होती. त्यांतलं एखादं आपल्या गळ्यात पडायला नको.

(दृश्य: तीन मास्क एका ओळीत.)

आता मास्क. पहिला फक्त नाकावर बसणारा, नेझल. दुसरा नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा, पिलो. भरघोस मिशीवाल्यांना आणि चष्मा लावून वाचता वाचता झोपणाऱ्यांना हा बरा. तिसरा नाक-तोंड दोन्ही झाकणारा, फुल फेस. आपल्याकडे 'मी तोंडाने श्वास घेतो' म्हटलं की लगेच फुल फेस हातात देतात. त्याचा काठ लांब, म्हणून गळायच्या जागाही जास्त, आणि दाबही अनेकदा जास्त लागतो. नाकाने श्वास जात असेल तर सुरुवात नेझलनेच करा. नाक कायम चोंदलेलं असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि ज्या माणसाला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्याला फुल फेस लावू नये. उलटी झाली तर ती मास्कमध्येच अडकते.

पेसमेकर असेल, किंवा शेजारी झोपणाऱ्याला असेल, तर लोहचुंबकाच्या क्लिपचा मास्क नको. असं चुंबक पेसमेकरपासून निदान 15 सेंटिमीटर दूर हवं.

(दृश्य: पलंगावर आडवा माणूस. हात मास्कच्या पट्ट्यांवर.)

माप दुकानात खुर्चीवर बसून घेतलं तर फसवतं. आडवं झालं की गाल आणि हनुवटी सरकतात. म्हणून आडवे व्हा, मशीन नेहमीच्या दाबावर चालू करा आणि मग मास्क चढवा. पट्टे लावा, खालचेही आणि वरचेही. दोन्ही बाजू एकाच वेळी ओढा, नाहीतर मास्क तिरका बसतो. आता मास्क चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढा आणि अलगद सोडा. सिलिकॉनची पातळ झालर हवेने फुगते आणि कातडीवर टेकते. गळती अडवते ती हीच झालर. पट्टे करकचून आवळले की ती चपटी होते, मास्क आणखी गळतो, मग आणखी आवळलं जातं, आणि सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. कूस बदलून पाहा. डोळ्याच्या कोपऱ्यात हवा लागत असेल तर मास्क जरा खाली घ्या किंवा एक माप लहान लावून पाहा. मोठं माप म्हणजे ऐसपैस, हा कपड्यांचा हिशेब इथे लागू नाही.

रात्री डोक्याला तेल आणि तोंडाला क्रीम लावून झोपायची सवय असेल तर ती सकाळवर ढकला. तेलाने पट्टे सैल होतात आणि कुशन, म्हणजे मास्कचा चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, घसरतं. कुशन रोज साध्या सौम्य साबणाने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात सिलिकॉन लवकर खराब होतं.

ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर, रेषेपर्यंतच, आणि उरलेलं सकाळी ओतून टाकायचं. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, त्यात क्षार उरतात आणि तळाला पांढरा थर धरतो. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी श्वासासाठी नसतं. निलगिरीचं तेल, बाम, कापूर यांतलं काहीही त्या पाण्यात घालायचं नाही. सर्दी झाली तरी नाही.

मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवा. एसी लावलेल्या खोलीत नळी गार पडते, आतली वाफ थेंब होऊन जमते आणि मध्यरात्री नाकावर पाणी ठिबकतं. मशीन खाली असलं की ते पाणी टाकीकडे परत जातं. तरी ठिबकलं तर नळी पांघरुणाखालून घ्या, नाहीतर ओलावा एक अंकाने कमी करा. कोकणातल्या पावसाळ्यात तो तसाही कमीच पुरतो.

वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर मशीन चालतं, पण सर्वात जास्त वीज खातो तो पाणी तापवणारा भाग. लोडशेडिंगच्या रात्री ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली की तीच बॅटरी बरीच पुढे जाते. फुल फेस मास्कमध्ये एक छोटी झडप असते. मशीन बंद पडलं की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. मास्क धुतल्यावर ती झडप नीट हलते ना, हे बोटाने दाबून बघा.

(दृश्य: बिलावर पेन.)

पैसे देण्याआधी दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या: मास्क जमला नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल, आणि आधी महिनाभर मशीन भाड्याने मिळेल का. विम्याची पॉलिसीही तपासा. घरी वापरायचा सीपॅप अनेक पॉलिसींच्या 'देय नाही' यादीत असतो.

पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसा, मग रात्री. पहाटे चारला काढून फेकू नका. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, आणि तेव्हाच श्वास अधिक अडकतो. आठवड्याने मशीनच्या पडद्यावर दोन आकडे पाहा. एएचआय 5 च्या खाली हवा. रेसमेड कंपनीच्या मशीनवर गळती मिनिटाला 24 लिटरच्या आत हवी. एएचआय चांगला, पण सकाळी तोंडाला कोरड, तर रात्री तोंड उघडतंय. हनुवटीचा पट्टा लावून पाहा. गळती जास्त असेल तर दाबाला हात लावण्याआधी कुशनचं माप बदला. दोन्ही आकडे बिघडलेले असतील तर मशीनमधलं नोंदींचं कार्ड काढा आणि डॉक्टरांकडे जाताना मास्कसकट घेऊन जा.