मॉर्गन पार्कचे आजोबा आणि कोर्टाची पायरी

श्रोतेहो, नमस्कार.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ ही म्हण तुम्ही घरात ऐकलेली आहे, मीही ऐकलेली आहे. तळकोकणात तीस वर्षं वकिली केल्यावर सांगते, या म्हणीचा मला मनापासून राग येतो. ज्याचं म्हणणं खरं आहे, त्यालाच ती घरी बसवते. आज मी तुम्हाला एका आजोबांची गोष्ट सांगणार आहे. ते ही पायरी चढले, आणि तीही वयाच्या पंचाहत्तरीत. ते राहायचे अमेरिकेत, शिकागो शहरात. त्यांचं नाव ओटिस मॅकडोनल्ड. आणि त्यांचं मागणं होतं घरात एक पिस्तूल ठेवू देण्याचं.

बंदुकीचं मला प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या घरात मी ती ठेवणार नाही. पण बंदूक आवडते की नाही हा एक प्रश्न झाला. गावाने केलेल्या नियमाविरुद्ध गावातल्या माणसाने दाद कुठे मागायची, हा दुसरा. आज आपण दुसऱ्याबद्दल बोलतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत देशाची एक घटना, प्रत्येक राज्याची आपली वेगळी घटना, आणि त्याखाली शहरं न् गावं, त्यांचे स्वतःचे नियम. शिकागो आहे इलिनॉय राज्यात. तिथे शिकागोच्या उपनगरात मॉर्टन ग्रोव्ह नावाचं गाव आहे. या गावाने ८ जून १९८१ रोजी ठराव केला, की घरातसुद्धा पिस्तूल ठेवायचं नाही. देशातलं असं पहिलंच गाव. लोक कोर्टात गेले आणि हरले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९८४ मध्ये चार विरुद्ध तीन अशा मतांनी गावाचा नियम टिकला. मधल्या काळात, १९८२ मध्ये, शिकागोने नव्या पिस्तुलांची नोंदणीच बंद करून टाकली. ज्याची आधीची नोंद होती त्याचं राहिलं, बाकीच्यांना दार बंद. शिकारीच्या लांब बंदुका चालत होत्या, पिस्तूल मात्र नाही. एवढं ध्यानात ठेवा: लांब बंदूक चालते, पिस्तूल चालत नाही.

आता आजोबांकडे वळू.

ओटिस मॅकडोनल्ड यांचा जन्म १९३३ सालचा, लुइझियाना राज्यातल्या फोर्ट नेसेसिटी नावाच्या खेड्यातला. कृष्णवर्णीय कुटुंब, बारा भावंडं, बाप दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवणारा. अर्धेली म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पीक निघालं की हिशेब मालकाच्या वहीत, आणि वही नेहमी मालकाच्याच बाजूने बोलते. सतरा वर्षांचा असताना पोरगा उत्तरेकडे निघाला तो खिशात अठरा डॉलर घेऊन. त्या काळात लाखो कृष्णवर्णीय लोक असेच दक्षिणेतून शिकागोला, डेट्रॉइटला गेले. आपल्याकडे घाटावरून आणि कोकणातून लोक मुंबईच्या गिरणीत गेले ना, तसेच. ट्रंक एक, पत्ता एका गाववाल्याचा.

पुढे सैन्यात नोकरी झाली. मग शिकागो विद्यापीठात झाडलोटीच्या कामावर लागले, आणि तिथेच शिकत शिकत इमारतींच्या देखभालीचे इंजिनिअर झाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहराच्या दक्षिणेला मॉर्गन पार्क भागात घर घेतलं. मुलं तिथेच वाढली.

आणि मग वस्ती बदलत गेली. आजोबा पाहुण्यांना आपल्या मोठ्या गाडीत बसवून गल्ल्या दाखवायचे. ते पिवळ्या विटांचं घर, तिथे गर्द विकतात. ती बोळ, तिथे एका पोराने चालत्या गाडीवर पिस्तूल रोखलेलं त्यांनी स्वतः पाहिलं. कोपऱ्यावरची ती गवत वाढलेली कड, तिथे तीन तरुणांनी त्यांना अडवून जिवे मारायची धमकी दिली होती. त्यांचं घर एकदा नव्हे, अनेकदा फोडलं गेलं. घरात शिकारीच्या बंदुका होत्या, शिकारीची सवय जुनीच होती त्यांना. पण तुम्हीच विचार करा, रात्री दोन वाजता, अरुंद पॅसेजमध्ये, सत्तरी उलटलेल्या माणसाने ती लांबलचक बंदूक कशी वळवायची? त्यांचं म्हणणं साधं होतं. उशाशी पिस्तूल हवं. आणि शहराचा नियम म्हणत होता, पिस्तूल नाही.

इथे मला माझे एक पक्षकार आठवतात. डोंगराच्या कुशीत काजूची बाग, आणि शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली एक बंदूक. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची. हे आपल्याकडच्या परवानाधारकांना ठाऊकच आहे. जमा केल्याची पावती ते प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून आणायचे आणि माझ्या टेबलावर उलगडून ठेवायचे. एकदा म्हणाले, ‘‘वकीलबाय, आचारसंहिता रानडुकरांका कळता काय?’’ मी त्यांना अर्ज लिहून दिला. अर्ज फेटाळला गेला. त्या हुकुमाचा कागद हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, ‘‘ह्यात काय लिवलासा?’’ हुकूम इंग्रजीत होता. मॅकडोनल्ड आजोबांना आपल्या खटल्याचा निकाल स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेत वाचता आला. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते का मिळू नये? पक्षकाराला कळेल अशा भाषेत निकाल मिळणं ही न्यायाची पहिली अट आहे, असं मी बाररूममध्ये नेहमी म्हणत आले. असो, शिकागोला परत जाऊ.

आजोबा आयुष्यभर डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार, आणि १९३१ पासूनचे शिकागोचे सगळे महापौर त्याच पक्षाचे. तरी २००५ मध्ये ते राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड इथे बंदूकधारकांच्या मेळाव्याला गेले. तिथे बहुसंख्य गोरी, खेड्यापाड्यातली, शिकार करणारी माणसं. त्यांच्यात हे शहरातले कृष्णवर्णीय आजोबा. तिथून ओळखी झाल्या. पुढे जेव्हा शिकागोवर दावा लावायचं ठरलं, तेव्हा वादींमध्ये पहिलं नाव त्यांचं पडलं. कोणता पक्षकार पुढे करायचा यातच अर्धा खटला असतो, हे कुठलाही वकील सांगेल.

दावा दाखल झाला २६ जून २००८ रोजी. त्याच दिवशी वॉशिंग्टन शहराच्या पिस्तूलबंदीचा निकाल लागला होता. तिथला वादी, डिक हेलर, सुरक्षारक्षक होता. दिवसभर सरकारी इमारतीत पिस्तूल लावून पहारा करायचा, आणि घरी मात्र ठेवू शकत नव्हता. देशाचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा देशाच्या घटनेने व्यक्तीला दिलेला हक्क आहे. पण वॉशिंग्टन हे कुठल्या राज्यात मोडत नाही, तो केंद्राचा प्रदेश. मग राज्यांवर आणि शहरांवर हा हक्क बंधनकारक आहे का? प्रश्न उरला तो हाच. हेलरचे वकील अॅलन गुरा, आणि आजोबांचेही तेच.

खालच्या कोर्टात हरले. वरच्या कोर्टातही हरले. कारण जुना निकाल आड येत होता, १८७६ सालचा.

श्रोतेहो, तो जुना निकाल कुठून आला ते ऐका. लुइझियाना राज्य, कोलफॅक्स नावाचं गाव, १८७३ सालचा ईस्टरचा रविवार. निवडणुकीच्या वादातून हत्यारबंद गोऱ्यांच्या टोळीने कितीतरी कृष्णवर्णीय माणसांना मारलं. अनेकांना तर शरण आल्यावर मारलं. मारेकऱ्यांपैकी काहींवर केंद्र सरकारने खटला भरला तो याच आरोपाखाली, की तुम्ही या लोकांचे घटनादत्त हक्क हिरावून घेतले. त्यात शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. सर्वोच्च न्यायालयाने मारेकऱ्यांना सोडलं. कारण काय दिलं? तर हा हक्क फक्त केंद्राच्या संसदेला बांधतो, इतर कुणाला नाही. एकशे चौतीस वर्षं हा निकाल उभा होता. आणि तो पाडण्यासाठी जो माणूस उभा राहिला, तो त्याच लुइझियानाच्या मातीतला, अर्धेलीने कापूस करणाऱ्याचा मुलगा. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, पण इथे आले की माझा आवाज आजही जड होतो.

आजोबांचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि २८ जून २०१० रोजी निकाल लागला. पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती अलिटो यांनी निकालपत्र लिहिलं, आणि त्यात कोलफॅक्सच्या त्या मृतांची आठवण नोंदवली. हक्क शहरांवरही बंधनकारक ठरला. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी विरोधी मत दिलं. कोणत्या शहरात पिस्तुलांनी किती माणसं मरतात आणि त्यावर उपाय काय, हे तोलायचं काम लोकप्रतिनिधींचं आहे, न्यायाधीशांचं नाही, असं त्यांचं म्हणणं. शिकागोत गोळीबारात मुलांना गमावलेल्या आया आहेत, आणि हा मुद्दा मला मुळीच हलका वाटत नाही. तरीसुद्धा, ज्याला पोलीस वेळेवर पोचण्याची खात्री नाही, त्याच्या घरापुरता मी आजोबांच्या बाजूने आहे.

शहराने चारच दिवसांत, २ जुलैला, नवा नियम केला. पिस्तूल नोंदवायचं तर नेमबाजीच्या मैदानावर प्रशिक्षण घ्या, आणि शहरात असं मैदान उघडायला मनाई. तो नियमही २०११ मध्ये कोर्टात अडला.

आता दुसरं दार, विधिमंडळाचं. कोर्ट हे एक दार, विधिमंडळ हे दुसरं. विल्मेट हे असंच एक उपनगर, तिथेही पिस्तूलबंदी होती. डिसेंबर २००३ मध्ये एक चोर एका घरातून गाडी आणि किल्ल्या घेऊन गेला, आणि दुसऱ्या रात्री त्याच किल्लीने पुन्हा घरात शिरला. मुलं वर झोपलेली. बापाने गोळी झाडली, चोर जखमी झाला. बापावर खून-मारामारीचा गुन्हा लागला नाही, पण गावाचा पिस्तूलबंदीचा नियम मोडल्याबद्दल दंडाची नोटीस आली. लोक चिडले ते थेट आमदारांकडे गेले. स्वतःच्या घरात जीव वाचवताना पिस्तूल वापरलं, तर गावच्या बंदीविरुद्ध तो बचाव मानावा, असं विधेयक आलं. त्या वेळी राज्याच्या सिनेटमध्ये असलेले बराक ओबामा यांनी विरोधात मत दिलं. गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. नोव्हेंबर २००४ मध्ये दोन्ही सभागृहांनी तो नकार उलटवून कायदा केला. पुढे २०१३ मध्ये, कोर्टाने मुदत घालून दिल्यावर, याच विधिमंडळाने परवान्याने पिस्तूल सोबत बाळगायला मुभा दिली आणि पिस्तुलांचे नियम करण्याचा गावांचा अधिकार काढून स्वतःकडे घेतला. तेव्हाही गव्हर्नरांचा नकार उलटवावा लागला. आधी कोर्टाने दार ढकललं, मग विधिमंडळाने चौकट बसवली. बहुतेक वेळा हे असंच होतं, आणि म्हणून निवडून दिलेल्या आमदाराला पत्र लिहायचा कंटाळा करू नका.

ओटिस मॅकडोनल्ड एप्रिल २०१४ मध्ये वारले, ऐंशी वर्षांचे होऊन.

वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर संगमरवरी पायऱ्यांची मोठी रांग आहे. त्यांच्या खटल्याची सुनावणी झाली २ मार्च २०१० रोजी, तेव्हा त्या पायऱ्या चढून समोरच्या दाराने कुणालाही आत जाता यायचं. दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, सुरक्षेच्या कारणाने ते दार आत येणाऱ्यांसाठी बंद झालं. आता लोक बाजूने आत जातात, आणि बाहेर येताना तेवढे त्या पायऱ्या उतरतात.

नमस्कार.